ते ढोल मार्लेने आणले नव्हते

"रेगे म्हणजे बेस गिटार आणि ड्रम-किट. हाताने वाजवायचे ढोल ही नुसती सजावट. तीही बॉब मार्लेने १९७३ मध्ये आणली, आणि ढोल आफ्रिकेतून जसेच्या तसे आले." जमैकाच्या रेगे संगीताबद्दल आणि त्याचा जगप्रसिद्ध गायक मार्ले याच्याबद्दल असा मजकूर सध्या फिरतोय. मला तिघांनी पाठवला, त्यातला एक स्वतः तबला वाजवतो, म्हणून जरा जास्तच राग आला.

१९७३ चं लगेच निकाली निघतं. शॅगीचं 'ओ कॅरोलिना' आठवतंय? १९९३ मध्ये गाजलेलं? मूळ गाणं फोक्स ब्रदर्सचं, १९६० च्या सुमाराचं. निर्माता प्रिन्स बस्टर. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड या बड्या निर्मात्यांपेक्षा वेगळं काहीतरी हवं म्हणून तो जमैकाच्या राजधानीच्या, किंग्स्टनच्या पूर्वेला वारेका टेकडीवर गेला आणि ढोलवादक काउंट ऑसीच्या वादकांना घेऊन आला. रेकॉर्ड लावून बघा: पियानो, गाणारे आवाज आणि बाकी सगळा ढोलांचाच गजर. मार्ले तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

'जसेच्या तसे' हेही चुकीचं. ऑसी, म्हणजे ऑस्वाल्ड विल्यम्स (१९२६–१९७६), हे वादन शिकला ब्रदर जोबकडून, पश्चिम किंग्स्टनच्या वस्तीत. जोब बुरू या ढोलवादनाच्या परंपरेतला. बुरूचं मूळ आफ्रिकेत, पण ते घडलं जमैकाच्या ऊसमळ्यांवर, गुलामांच्या हातून. त्यावर रास्ताफारींचं (जमैकातल्या एका धार्मिक पंथाचं) भजन ऑसी आणि त्याच्या सोबत्यांनी चढवलं. मूळ तेच राहिलं असतं, तर ऑसीने केलं काय?

राहिली सजावट. हे ढोल तीन. मोठा बास, गादी लावलेल्या काठीने वाजवायचा. मधला फंडे, काळजाच्या ठोक्यासारखा 'धक्-धक्' ठेका धरून बसणारा. त्याला इकडे-तिकडे जायची मुभा नाही, आणि नवशिक्याला आधी तोच मिळतो. वरचा रिपीटर, तो बोलतो. ऑसीचं नाव झालं ते त्यावर. त्याच्या तळावर टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, रिको रॉड्रिग्ज असे वादक यायचे आणि या ठेक्यावर तासन्‌तास वाजवायचे. पुढे यांनीच स्का हा रेगेआधीचा संगीतप्रकार उभा केला आणि स्कातून रेगे आला. सजावट बघायला कोणी टेकडी चढून जातं का?

एक मान्य. असंख्य रेगे रेकॉर्डवर हाताचे ढोल नाहीतच. आणि जगभर ते पोचले मार्लेमुळे, यातही वाद नाही. पण ज्या १९७३ चा दाखला दिलाय, त्याच वर्षी ऑसीच्या मिस्टिक रेव्हलेशन ऑफ रास्ताफारी या वाद्यवृंदाने 'ग्राउनेशन' काढला. तीन रेकॉर्डांचा संच!

तो फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. बास त्यातून येतच नाही, फंडे जेमतेम येतो, उरतो फक्त रिपीटर. 'सजावट' म्हणणाऱ्याने बहुधा तेवढंच ऐकलंय.