डाव्या बाजूचं ऊन

जी मंडळी दर शुक्रवारी बसून जगातल्या सगळ्या राज्यघटनांच्या चुका काढतात त्यांना एक बस सकाळी किती वाजता सोडायची हे ठरवायला महिना लागला. पाच की सहा यावर उपसमिती नेमली, उपसमितीने साडेपाच सुचवलं, आणि असली तडजोड म्हणजे आमचा अपमान आहे म्हणत दोन्ही गट साडेसहाला उगवले. मी राज्यशास्त्र मंडळाचा सहसचिव, म्हणजे हजेरी घेणे, डोकी मोजणे आणि शिव्या खाणे ही खाती माझ्याकडे.

जायचं होतं राजधानीच्या शहरात, विधानसभेचं कामकाज बघायला. बसमध्ये चढल्या चढल्या सीटांवरून घोळ. १७८९ ला फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि विरोधातले डाव्या, तिथून हे डावे-उजवे सुरू झालं हे आमच्यात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे डाव्यांनी डावीकडच्या खिडक्या धरल्या, उजव्यांनी उजवीकडच्या, आणि मध्यममार्गी खरोखरच मधल्या वाटेत उभे, कारण सीटच उरली नाही. गाडी निघाली दक्षिणेकडे, म्हणजे सकाळचं ऊन सगळं डावीकडून. डाव्यांनी निमूट भाजून घेतलं, म्हणाले येताना बघू. तेवढ्यात भूगोलवाल्या एका मुलीने शांतपणे सांगितलं की येताना गाडीचं तोंड उत्तरेला असणार आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन परत डावीकडेच. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग एकजण व्यवस्थाच शोषक आहे असं पुटपुटत पडदा ओढायला गेला तर पडदा रिंगांसकट त्याच्या हातात आला.

त्यात आमच्या वक्तृत्व स्पर्धावाल्या गड्याला बसमधला माईक सापडला. अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९५७ साली स्ट्रॉम थर्मंड नावाचा गृहस्थ नागरी हक्कांचं विधेयक अडवायला २४ तास १८ मिनिटं सलग बोलला होता (विधेयक तरीही पास झालंच), हे आम्हाला याच गड्याने सांगितलं, आणि सांगता सांगता तो रेकॉर्ड मोडणार की काय असं वाटायला लागलं. शेवटी ड्रायव्हरकाकांनी वायर काढली. प्रस्ताव नाही, अनुमोदन नाही, चर्चा तर नाहीच.

विधानभवनात फोन जमा, बॅग जमा, पाण्याची बाटली जमा. गॅलरीत बसल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोटं दाखवायची नाहीत, पुढे वाकायचं नाही. एकाने पायावर पाय टाकला तर सुरक्षावाल्याने लांबूनच दोन बोटं हलवून पाय खाली घ्यायला लावला, एक शब्द न बोलता. खाली मात्र चार-पाच आमदार कागद फडकवत वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलेले, अध्यक्ष बसा बसा म्हणतायत, कोणी बसत नाहीये, आणि आम्ही नीट टेकतोय तोवर सभागृह तहकूब! बाहेर पडायला लागलेला वेळ आत बसलेल्या वेळेपेक्षा जास्त होता, टोकनं हरवली होती ना दोघांची.

आता उरलेल्या वेळात काय करायचं? इथे खरा दिवस गेला. आधी जेवायचं, म्युझियम बघायचं की बागेत पडायचं, मतदान घेऊ. जेवण विरुद्ध म्युझियम घेतलं, जेवण जिंकलं. म्युझियम विरुद्ध बाग, म्युझियम जिंकलं. म्हणजे बाग सगळ्यात खाली असं समजून आम्ही उठलो तर कोणीतरी म्हणालं बाग विरुद्ध जेवण पण घ्या की, घेतलं, तर बाग जिंकली!! पोटात कावळे कोकलत असताना सर फुटपाथवर उभे राहून खुश झाले, म्हणाले हाच तो काँदॉर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचा विरोधाभास, १७८५, प्रत्येक माणूस आपल्या जागी शहाणा असतो पण बहुमत गोल गोल फिरत राहतं. पुढे फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत तो बिचारा तुरुंगातच वारला, हेही सांगितलं. मला तो माणूस एकदम जवळचा वाटला.

फेरमतदान, गुप्त मतदान, चिठ्ठ्या टाकू, असं चालू असताना ड्रायव्हरकाका जेवून, हात पुसत आले आणि म्हणाले पाचला गाडी सुटेल, ज्याला यायचंय त्याने या. सगळे पाचच्या आधी दहा मिनिटं आत. उपाशी.

येताना अहवालावरून भांडण. "सभागृहाचे कामकाज पाहिले" असं मी लिहिलं, त्यावर कामकाज झालंच नाही तर पाहिलं काय, अशी हरकत आली. "सभागृह पाहिले" वर एकमत होईना, मग "सभागृहास भेट दिली" यावर कसंबसं जमलं, त्यालाही दोघांनी आपली असहमतीची टिपणी जोडली जी मूळ अहवालाच्या तिप्पट आहे. जमाखर्च मात्र खजिनदाराने अंधार पडल्यावर, निम्मी बस घोरत असताना वाचायला घेतला, आवाजी मतदान पुकारलं, स्वतःच हो म्हणाला आणि तो मंजूर झाला.