पाठीवर उशी नाही, गाठ आहे

भाची पुण्यात जपानी शिकते. क्लासच्या कार्यक्रमात तिने युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला साधा सुती किमोनो, घातला, फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत काकांनी खाली तो फॉरवर्ड चिकटवला: महायुद्धात पुरुष मेले, म्हणून जपानच्या राजाने बायकांना हुकूम दिला की पाठीवर उशी बांधा, आत काही घालू नका, पुरुष भेटेल तिथे लोकसंख्या वाढवा, तोच किमोनो, आणि म्हणूनच त्यांचे ‘तसले’ सिनेमे किमोनोतले. पोरीने फोटो काढून टाकला.

काका, युद्धात जपानी बायका मोन्पे घालत होत्या. घोट्याशी आवळलेली ढगळ विजार. लांब बाह्यांचा किमोनो सरकारलाच उधळपट्टी वाटत होता; १९४२ मध्ये बायकांसाठी प्रमाण पोशाख ठरवला गेला. सरकारचं सांगणं होतं, पण नेमकं उलटं!

आता ती उशी. ओबी हा चार मीटरहून लांब, साधारण ३० सेंटिमीटर रुंद पट्टा. मागची गाठ फुगीर दिसावी म्हणून तिच्या पोटात छोटीशी गादी बांधतात, तिला ओबी-माकुरा म्हणतात. माकुरा म्हणजे उशी, हे खरं. पण ती काढायची तर अख्खी गाठ सोडायची, मग पुन्हा चार मीटर गुंडाळत बसायचं. भर रस्त्यात? शिवाय ही फुगीर गाठ, म्हणजे ढोलगाठ, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) गेइशांनी, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणींनी, आणलेली फॅशन. भाचीच्या युकात्यावर तर अरुंद ओबी होता. त्यात उशी नसतेच.

आत चड्डी नसायची, मान्य. कमरेभोवती कोशिमाकी नावाचं आतलं वस्त्र गुंडाळायच्या, वर जुबान, म्हणजे किमोनोच्या आतला झगा. आपल्या पणज्यांच्या नऊवारीखाली कुठली चड्डी होती?

राहिले सिनेमे. मागे ओढलेली कॉलर, उघडी मान, सुटत जाणारा ओबी हे दिग्दर्शकांनी भरपूर वापरलंय, नाही कशाला म्हणू? पण निक्कात्सु कंपनीने १९७१ मध्ये कामुक चित्रपटांची मालिका सुरू केली, तेव्हा पहिल्याच चित्रपटाची नायिका सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमधली गृहिणी होती. आणि किमोनोतला सगळ्यात गाजलेला म्हणाल तर दिग्दर्शक नागिसा ओशिमाचा १९७६चा ‘आइ नो कोरीदा’ (इंग्रजीत ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’). १९३६ची खरी घटना: विवाहित मालक आणि त्याच्याकडे कामाला असलेली सादा आबे. शेवटी ती त्याचा गळा कमरेच्या पट्ट्यानेच आवळते. चित्रपटात एक प्रसंग आहे. रस्त्याने सैनिकांची पलटण चाललीय, लोक झेंडे हलवताहेत, आणि नायक, म्हणजे तो मालक, भिंतीकडेने मान खाली घालून उलट्या दिशेने चाललाय.

हुकूम पाळणारा माणूस असा चालतो का, काका?