कुत्र्याचं चिकन बंद करण्याआधी लॉनवर काय मारलंय ते विचारा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर गेला की बंगल्यातलं कुत्रं संध्याकाळी पाणी दिलेल्या लॉनवर पोट टेकून पसरतं. पोटावर, जांघेत, काखेत केस विरळ आणि कातडी पातळ. त्याच गवतावर सकाळी युरिया फेकला असेल किंवा तणनाशक मारलं असेल, तर ते ओलाव्याबरोबर थेट अंगाला लागतं. मग पोटावर लाल पुरळ, बोटांच्या बेचक्यात सूज, दिवसभर पंजे चाटणं. आणि घरात पहिला निर्णय काय? खाण्याची ॲलर्जी समजून चिकन बंद!

खुराक बदलण्याआधी खाज कुठे आहे ते बघा. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर असेल तर आधी पिसवा शोधा. पंजे, पोट, हनुवटी अशी गवत घासणाऱ्या जागीच असेल, तर संशय लॉनवर. दोन-तीन आठवडे लॉन बंद. खाज उतरली आणि परत नेल्यावर उलटली, तर डॉक्टरांना नेमकं तेच सांगा. ‘हेच औषध वर्षभर मारतोय, आत्ताच कसं?’ असं बरेच जण म्हणतात. पण खरी ॲलर्जी वारंवार संपर्क आल्यावरच तयार होते.

माळीदादा औषध पाण्याच्या जुन्या बाटलीत आणतात, हे मला अजिबात पटत नाही. मूळ डबा मागा, घटकाच्या नावाचा फोटो काढा. त्यावरच्या रंगीत त्रिकोणात लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे कुत्र्याच्या कातडीला निर्धोक, असं मात्र नाही. फवारा पूर्ण सुकेपर्यंत, लेबलवर जास्त वेळ दिला असेल तर तेवढा वेळ, कुत्रं आत बांधा. दाणेदार खत टाकल्यावर दाणे विरघळेपर्यंत पाणी द्या आणि जमीन सुकू द्या.

सेंद्रिय खत म्हणून एरंडीची पेंड टाकत असाल तर कृपा करून थांबवा. वासाला भुलून कुत्री ती खातात. तिच्यातल्या रायसिन या विषावर उतारा नाही. उलट्या, रक्ताची हगवण काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते.

अंगाला औषध लागलंच तर हातमोजे घालून, कोमट पाण्यानं, कुत्र्याच्या शाम्पूनं नीट धुवा. बेचके विसरू नका, वाळेपर्यंत चाटू देऊ नका. रॉकेल, जंतुनाशक, माणसांच्या गोळ्या नकोत. लाळ गळत असेल, अंग थरथरत असेल, तर ही ॲलर्जी नाही, विषबाधा आहे. तेव्हा डब्याचा फोटो घेऊन तडक पशुवैद्यांकडे.