पालीच्या मादीला गृहीत धरू नका

पाल म्हटलं की अनेकांना किळस येते, ते मी समजू शकतो. पण पालींच्या मिलनाबद्दल ‘नर झडप घालतो, मादी बिचारी सहन करते’ असं चांगली वाचणारी माणसंही ठामपणे सांगतात, तेव्हा राहवत नाही.

भिंतीवरच्या पाली जरा वेळ काढून बघा. नर थांबत थांबत, शेपटी हलवत जवळ सरकतो. मादीच्या अंगाला तोंड लावून पाहतो, मग तिच्या मानेची कातडी जबड्यात धरतो. दिसायला हे आडदांड दिसतं, मान्य. पण मादीची तयारी नसेल तर ती अंग झटकते, उलट चावते, निघून जाते.

पुढचं तर डोळ्यांना दिसतच नाही. घरपालीच्या काही जातींत मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने स्वतःच्या शरीरात सांभाळून ठेवते. नंतर नर आसपास नसला तरी तिची अंडी फलित होतात. बहुधा एका खेपेला दोनच. पाल काचेवर असली की पोटाच्या पातळ कातडीतून ती पांढरी अंडी चक्क बाहेरून दिसतात! घालताना त्यांचं कवच मऊ असतं, हवा लागली की कडक होतं.

प्रशांत महासागरातल्या बेटांवरची लेपिडोडॅक्टायलस लुगुब्रिस ही पाल याच्याही पुढे गेली आहे. तिच्यात जवळपास सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी, आणि त्यातून पुन्हा माद्याच. कोमोडो ड्रॅगनच्या मादीलाही नराविना पिल्लं होऊ शकतात, हे 2006 मध्ये जगासमोर आलं. तिथे मात्र अशा अंड्यांतून नर जन्मतात, कारण त्यांच्या मादीत Z आणि W अशी दोन वेगळी लिंगगुणसूत्रं (लिंग ठरवणारी गुणसूत्रं) असतात, आणि अशा अंड्यांतून जगतात ती दोन Z असलेली पिल्लं, म्हणजे नर.

मादी जोडीदार निवडते, हे डार्विनने 1871 मध्ये सविस्तर मांडलं, तर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत त्याच्याबरोबरच मांडणाऱ्या खुद्द वॉलेसने विरोध केला. एवढ्या बारकाईने निसर्ग बघणाऱ्या माणसाला जे पचलं नाही, ते आजही आपल्यातल्या अनेकांना पचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कमळपक्ष्याची मादी नराहून मोठी असते, एकाच हंगामात अनेक नरांशी जोड्या जमवते आणि अंडी उबवायचं काम नरांवर सोपवते. समुद्रघोड्याचा नर तर पिल्लं पोटावरच्या पिशवीत वाढवतो. हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, ‘ते अपवाद.’ अहो, किती जणांना अपवाद म्हणून बाजूला काढणार?

सगळीकडे मादीचंच चालतं, असा माझा दावा मुळीच नाही. ढेकणाचा नर मादीच्या पोटाला भोसकून शुक्राणू आत सोडतो, तिला त्यातून खरोखर इजा होते. पण तिच्या शरीरात नेमक्या त्याच जागी एक खास अवयव विकसित झाला आहे, जो त्या जखमेचं आणि संसर्गाचं नुकसान कमी करतो. म्हणजे जिथे तिला पळायलाही जागा नाही, तिथेसुद्धा ती नुसती सोसत बसलेली नाही.