खुलासा : २७०, पार्क अ‍ॅव्हेन्यूची जुनी इमारत मोडकळीला आलेली नव्हती

न्यूयॉर्कमध्ये २७०, पार्क अ‍ॅव्हेन्यू इथे जेपी मॉर्गन चेस बँकेचे नवे मुख्यालय २०२५ मध्ये खुले झाले. तिथली जुनी इमारत जीर्ण आणि धोकादायक झाल्याने पाडावी लागली, असा मजकूर सध्या फिरतो आहे. हे खरे नाही.

ही ५२ मजली इमारत १९६० च्या सुमारास युनियन कार्बाइडसाठी (भोपाळमुळे आपल्याला ठाऊक झालेली तीच कंपनी) उभी राहिली. रचना गॉर्डन बनशाफ्ट आणि नॅटली द ब्ल्वा यांची. नॅटलीबाईंचे श्रेय तेव्हा झाकोळले गेले, म्हणून त्यांचे नाव इथे मुद्दाम घेते आहे. २०१२ च्या आसपास बँकेने इमारतीचे मोठे नूतनीकरण केले, तेव्हा तिला ‘लीड प्लॅटिनम’ हे हरित इमारतींचे सर्वोच्च मानांकनही मिळाले. पाडकाम सुरू झाले २०१९ मध्ये. इतक्या थोड्या वर्षांत ती धोकादायक कशी होईल?

कारण वेगळे होते. २०१७ मध्ये ही इमारत जिथे होती त्या मिडटाउन ईस्ट भागाचे बांधकामाचे नियम बदलले. ग्रँड सेंट्रल स्थानकासारख्या संरक्षित वास्तूंचे न वापरलेले बांधकाम हक्क, आपल्याकडच्या टीडीआरसारखे, विकत घेऊन जास्त उंच बांधणे शक्य झाले. त्यातूनच आजचा ६० मजली मनोरा उभा राहिला.

पाडकाम बेकायदा होते, हा दुसऱ्या बाजूचा आरोपही चुकीचा आहे. इमारतीला वारसा दर्जा नव्हता. तो मिळायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

पाडलेल्या इमारतीचे ९७ टक्के साहित्य पुन्हा वापरात आले, असे बँक सांगते. पण पोलाद वितळवायला लागणारी ऊर्जा आणि नव्या मनोऱ्यासाठी लागलेले नवे साहित्य त्या आकड्यात मोजलेले नाही.