अनुदानाचा हिशेब मांडायचा, तर सगळ्यांचाच मांडू

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली 'विचार करा, पुढे पाठवा' आहेच. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: इलेक्ट्रिक गाड्या आपल्या कराच्या पैशावर चालतात, पेट्रोलची गाडी मात्र स्वतःच्या जिवावर. वीज कोळशाचीच, म्हणजे धूर आपल्या रस्त्यावरून चंद्रपूरला गेला एवढंच. सगळ्यांनी ईव्ही घेतली तर लाईटचा पार बोजवारा उडेल. बॅटरी पाच वर्षांत संपते, गाडी घाट चढत नाही, आणि या नादात शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने, बंद पडणार. तेव्हा अनुदान ताबडतोब बंद करा.

यातलं काही खरं आहे, म्हणून तर मेसेज पटतो. पण खऱ्याला खोटं असं चिकटवलंय की वेगळं केल्याशिवाय बोलताच येत नाही.

'ईव्हीला अनुदान, पेट्रोल स्वतःच्या जिवावर'

मेसेजमध्ये फोटो आहे चकचकीत इलेक्ट्रिक एसयूव्हीचा. गंमत अशी, की केंद्राच्या थेट अनुदानात ही गाडी बसतच नाही. फेम-२ योजना १ एप्रिल २०१९ ला १० हजार कोटींची म्हणून सुरू झाली, मार्च २०२४ पर्यंत लांबली आणि तरतूद ११,५०० कोटींवर गेली. तो पैसा होता दुचाकी, तीनचाकी, बस आणि भाड्याने चालणाऱ्या चारचाकींसाठी. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या १०,९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह या पुढच्या योजनेतही खासगी मोटार नाही. दुचाकीचं अनुदानही उतरतच आलंय. जून २०२१ मध्ये बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासाला, म्हणजे युनिटला, १५ हजार रुपये होते, जून २०२३ पासून १० हजार झाले, पीएम ई-ड्राइव्हच्या पहिल्या वर्षी ५ हजार, पुढे अडीच हजार. म्हणजे 'बंद करा' म्हणून जे सांगताय ते गेली काही वर्षं चालूच आहे. तरीही २०२३-२४ पेक्षा २०२४-२५ मध्ये विजेच्या दुचाक्या जास्तच खपल्या.

मग मोटारीला काहीच मिळत नाही का? मिळतं, आणि इथे मेसेजवाल्याचा मुद्दा खरा आहे, फक्त त्याने तो चुकीच्या जागी शोधला. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के. छोट्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, मोठ्या गाडीवर ४० टक्के. करापूर्वी १० लाखांची छोटी गाडी धरली तर इथेच १ लाख ३० हजारांचा फरक. त्यात राज्याचा वाहन कर माफ, म्हणजे आणखी लाखाच्या वर. राज्याच्या २०२१ च्या धोरणात तर पहिल्या १० हजार इलेक्ट्रिक मोटारींना दीड लाखापर्यंत थेट मदतही होती. शिवाय २०२५ च्या दराने पेट्रोलच्या लिटरमागे चाळीस रुपयांच्या वर कर जायचा, तोही ईव्हीवाल्याचा वाचतो. हा सगळा पैसा तिजोरीत येत नाही आणि त्याचा फायदा बारा-पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्याला होतो. यावर कोणी भांडणार असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. केएमटीची (महापालिकेची) बस आणि डिलिव्हरीवाल्या पोराची स्कूटर सोडून ही सवलत बंगल्याच्या पार्किंगमध्ये का जावी, याचं चांगलं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

पण 'पेट्रोल स्वतःच्या जिवावर' हे वाक्य लिहिताना मेसेजवाल्याने पंधरा वर्षांपूर्वीचा सगळा इतिहास पुसला. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्याआधी तेल कंपन्यांना तोटा सोसून विकायला लावायचं आणि भरपाई सरकारने करायची, अशी रीत होती. रोख नव्हती तेव्हा सव्वा लाख कोटींहून अधिक रकमेचे तेल रोखे (म्हणजे सरकारी कर्जरोखे) काढले, आणि त्यांचं व्याज नि मुद्दल आपण पुढची पंधराएक वर्षं फेडत होतो. २०१२-१३ या एकाच वर्षात डिझेल, केरोसिन आणि घरगुती गॅस मिळून तूट होती सुमारे १ लाख ६१ हजार कोटींची. फेम-२ चे पाच वर्षांचे ११,५०० कोटी त्याच्या शेजारी ठेवून बघा. डिझेल स्वस्त म्हणून त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. साखर कारखान्याच्या आवारात रांगेने उभ्या राहणाऱ्या त्या पांढऱ्या गाड्या कोणाच्या कराच्या पैशावर फिरत होत्या, हे त्या वेळी कोणी पुढे पाठवलं नाही.

उलट्या बाजूचाही एक मेसेज आहे, तोही तितकाच फसवा. 'जगात खनिज इंधनाला वर्षाला ७ लाख कोटी डॉलर अनुदान मिळतं' असं त्यात असतं. आकडा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आहे, २०२२ सालचा. पण त्यातला चार-पंचमांशाहून अधिक भाग म्हणजे प्रदूषण, हवामानबदल वगैरे नुकसानीची इंधनाच्या दरात न धरलेली किंमत. थेट अनुदान सुमारे १.३ लाख कोटी डॉलरचं. नुकसान खरंच आहे, पण त्याला रोख अनुदान म्हणून खपवणं ही लबाडीच.

आणि आता आपल्या घरचं. आज पंपावर मिळतं ते निव्वळ पेट्रोल नाही, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉलचा दर सरकार ठरवतं, मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरचा जीएसटी २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्के केला, आणि डिस्टिलरी उभारायला घेतलेल्या कर्जाच्या व्याजातला वाटा केंद्र उचलतं. जिल्ह्यातल्या कारखान्यांना त्यातून पैसा मिळाला, उसाची बिलं वेळेवर निघायला मदत झाली. मला ते चुकीचं वाटत नाही. फक्त ज्या पेट्रोलला आपण 'बिनअनुदानाचं' म्हणतोय त्याच्या प्रत्येक टाकीत आपल्याच उसाचं अनुदान आहे, एवढं ध्यानात असू द्या. शेतीपंपाचंही तसंच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला एप्रिल २०२४ पासून राज्यात मोफत वीज आहे, पाच वर्षांसाठी, आणि वर्षाचा खर्च चौदा हजार कोटींच्या पुढे. फेम-२ ने पाच वर्षांत देशभर जेवढं द्यायचं ठरवलं, त्याहून जास्त एकट्या महाराष्ट्रात एका वर्षात पंपांवर. नदीकाठच्या ज्या मळ्यातून हा मेसेज पुढे गेला असेल, त्या मळ्यातलं पाणीही याच पैशावर चढतं.

'वीज कोळशाचीच, मग फायदा काय?'

देशातली साधारण तीन-चतुर्थांश वीज कोळशाची आहे, हे बरोबर. आता हिशेब करू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. चार्जिंगमधली आणि तारांमधली गळती धरून तयार झालेल्या एका युनिटवर मोटार पाच किलोमीटर जाते म्हणा, म्हणजे किलोमीटरला १४५ ग्रॅमच्या आसपास. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो निघतो. पंधराचं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला दीडशे ग्रॅम, आणि तेल उपसून, शुद्ध करून, टँकरने आणण्याचा वाटा मिळवला की पावणेदोनशेच्या पुढे. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. त्यात बॅटरी बनवतानाच दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. तो भरून यायला पन्नास-साठ हजार किलोमीटर लागतात. आठवड्यातून एकदा महाद्वार रोडला जायला गाडी बाहेर काढणाऱ्याने ईव्ही घेऊन पृथ्वी वाचवल्याचा आव आणू नये. रोज इचलकरंजी किंवा कागल करणाऱ्याचं गणित वेगळं.

आयसीसीटी या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून मोडीत काढण्यापर्यंतचा हिशेब केला. भारतात ईव्हीचं उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी निघालं, युरोपात ६६ ते ६९ टक्के. आपला फायदा कमी का, तर वीज मळकी म्हणून. पण वीज दरवर्षी थोडी थोडी सुधारू शकते आणि तिच्याबरोबर जुनी ईव्हीही सुधारते. पेट्रोलच्या इंजिनाचं तसं नसतं. (कोयना जवळ आहे म्हणून आपली वीज स्वच्छ, असंही कोणी सांगतं. तारांत सगळी वीज एकत्रच होते.)

धूर चंद्रपूरला जाणं हीसुद्धा किरकोळ गोष्ट नाही. कोल्हापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांपैकी एक आहे. संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला उभ्या राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मात्र चंद्रपूरकरांनी आपला धूर का खावा, या प्रश्नाला ईव्हीकडे उत्तर नाही.

'लाईट बसेल'

रोज तीस किलोमीटर फिरणारी मोटार दिवसाला पाच युनिट घेते. पाच अश्वशक्तीचा पंप तेवढी वीज दीड तासाच्या आत खातो. जिल्ह्यातले पंप चालू असताना जी यंत्रणा तग धरते, ती काही मोटारींनी कोसळणार नाही. खरी भीती गल्लीतल्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, आहे. एकाच अपार्टमेंटमध्ये दहा जणांनी संध्याकाळी सातला मोठे चार्जर लावले तर डीपी गरम होणारच. रात्री अकरानंतर लावले तर प्रश्न उरत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मीच सांगतो. घरच्या मीटरवर महिन्याला दीडशे युनिट वाढले की तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाता. 'ईव्ही फुकटात चालते' म्हणणारा शोरूमवाला हे सांगत नाही. युनिट पंधरा रुपयांना पडलं असं धरलं तरी किलोमीटरला अडीच रुपये. पेट्रोल शंभराच्या वर असताना सात.

'बॅटरी पाच वर्षांत, आणि घाट चढत नाही'

बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. पाच वर्षांत मरणारी वस्तू कोणती कंपनी आठ वर्षांच्या हमीवर विकेल? हमी संपल्यावर बदलायची वेळ आली तर खर्च मोठा आहे, हे खरं. जुन्या ईव्हीला बाजारात भाव कमी येतो तो त्याचमुळे.

घाटाचं म्हणाल तर विजेची मोटार थांबल्या जागेवरून पूर्ण जोर देते, चढाला तिचा इंजिनापेक्षा फायदाच. प्रश्न रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती लांब जाते याचा. दीड टनाची गाडी कोकणातून आंबा घाटाने सहाशे मीटर वर आणायला लागणारी जादा ऊर्जा पावणेतीन युनिटच्या आसपास, म्हणजे सपाटीवरचे पंधरा-वीस किलोमीटर. उतरताना त्यातली बरीचशी ब्रेकिंगमधून बॅटरीत परत येते. पेट्रोल गाडी उतरताना ब्रेक तापवते, बस्स.

'फाउंड्र्या बंद पडतील'

मेसेजमधला हा सगळ्यात गंभीर मुद्दा, आणि त्यालाच एक ओळ दिलीय.

ईव्हीत सिलिंडर ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, फ्लायव्हील नाही, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड नाही. मोटारींच्या इंजिनाची कास्टिंग (ओतकाम) करणाऱ्या कारखान्याला याचा फटका बसणार, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ब्रेक डिस्क, ड्रम, हब, सस्पेन्शनचे भाग ईव्हीलाही लागतात. आणि आपल्याकडचं बरंच काम ट्रॅक्टर आणि ट्रकचं. ऊस वाहणारा ट्रॅक्टर उद्या सकाळी बॅटरीवर जाणार नाहीये. वेळ आहे.

शिवाय कोल्हापूरने हे एकदा केलेलं आहे. शहरातली उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत वाढली ती ऑइल इंजिनांवर. विहिरीवर, नदीवर, गुऱ्हाळावर आपलीच इंजिनं धडधडायची. मग गावोगाव वीज आली, इलेक्ट्रिक मोटर आली आणि इंजिनाचा बाजार आटला. तेव्हाही कोणी 'विजेच्या पंपाला सवलत देऊ नका' म्हणू शकलं असतं. आपल्या लोकांनी मोल्ड बदलले आणि वाहनांच्या कास्टिंगकडे वळले. सगळे वळले नाहीत, काही शेड कायमच्या बंद झाल्या. पुढच्या बदलात तसं होऊ नये म्हणून नवीन मशिनरीला, कामगारांच्या प्रशिक्षणाला, ॲल्युमिनियमच्या कामाकडे जाणाऱ्या छोट्या कारखान्याला सरकारने पैसा द्यावा असं वाटत असेल, तर ती मागणी रास्त आहे. तीही अनुदानाचीच मागणी आहे.

फाउंड्रीवाल्याचं रोजचं दुखणं ईव्ही नाही, वीजबिल आहे. इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेवरच्या भट्टीत) एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट जातात. शेजारच्या कर्नाटकात दर कमी म्हणून तिकडे जायची भाषा आपण कितीदा ऐकलीय. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत दिली गेली, मग पश्चिम महाराष्ट्राने काय पाप केलंय, हा प्रश्नही जुनाच. प्रश्न योग्यच आहे, मीही विचारतो. पण सकाळी वीजदराची सवलत मागणाऱ्या निवेदनावर सही करायची आणि दुपारी 'ऊर्जेवरची अनुदानं बंद करा' पुढे पाठवायचं, हे काही जुळत नाही, भावा.