न पेटलेली होळी

कुणी स्त्रीवादाचं नाव काढलं की चर्चेत 'ब्रा जाळणाऱ्या बायका' येतातच. याचं मूळ ७ सप्टेंबर १९६८चं. त्या दिवशी अमेरिकेत अटलांटिक सिटीला मिस अमेरिका स्पर्धेविरुद्ध निदर्शनं झाली. ब्रांची होळी मात्र झाली नाही. समुद्रकाठचा तो रस्ता लाकडी फळ्यांचा, त्यामुळे आग लावायची नाही हे आयोजकांनी आधीच मान्य केलं होतं. बायकांनी एका पिंपात वस्तू फेकल्या: ब्रा, पोट आवळणारे पट्टे, उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या, फरशी पुसायचे मॉप, 'प्लेबॉय'चे अंक.

मग 'जाळणं' आलं कुठून? व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून तरुण तेव्हा सैन्यभरतीची कार्डं जाळत होते. 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या लिंडसी व्हॅन गेल्डर यांनी या निदर्शनांची तुलना त्यांच्याशी केली. बायकांनाही तितकंच गांभीर्यानं घ्यावं, हाच त्यांचा हेतू. पण मथळ्यात 'ब्रा बर्नर्स' छापलं गेलं आणि तेवढंच लोकांच्या तोंडी बसलं.

निदर्शकांच्या पत्रकात दहा मुद्दे होते. १९२१पासून एकही कृष्णवर्णीय स्त्री अंतिम फेरीत नाही. विजेतीला व्हिएतनाममधल्या सैनिकांसमोर मिरवतात. तिच्या चेहऱ्यावर प्रायोजक माल खपवतात. याला उत्तर देणं अवघड होतं. अंतर्वस्त्रांवरून हसणं सोपं. पुण्यात १९०५ साली परदेशी कपड्यांची खरोखर होळी झाली, तिचा आपण अभिमानानं उल्लेख करतो. म्हणजे अडचण कापड जाळण्याची नव्हतीच.

आपल्याकडे हेच काम 'स्त्रीमुक्तीवाली' या शब्दाकडून करून घेतलं गेलं. स्त्रीमुक्तीवाली म्हणजे घरं मोडणारी, एवढं म्हटलं की तिचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. याच बायका १९८०मध्ये मथुरा प्रकरणासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात १९७२ला मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. त्या आंदोलनामुळे १९८३ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईनं कोर्टात सांगितलं, तर न्यायालय तेच गृहीत धरतं.

म्हणून कुणी हा शब्द शिवीसारखा फेकला की चिडू नका, व्याख्याही समजावत बसू नका. थेट विचारा: यातली नेमकी कोणती मागणी तुम्हाला नको होती?